दूरच्या टीमसोबत काम करायला शिकवताना या चुका टाळा

वर्गातल्याच मुलांचे दोन गट पाडायचे, त्यांना दोन देशांची नावं द्यायची आणि वितरित सॉफ्टवेअर विकास (वेगवेगळ्या ठिकाणच्या टीमनी मिळून सॉफ्टवेअर बनवणं) शिकवून झाला असं समजायचं, ही सर्रास होणारी चूक. मुलं कॉरिडॉरमध्ये भेटतात, अडलेलं तिथेच सोडवतात. जी अडचण शिकवायची, तीच निसटते. हर्ब्सलेब आणि मॉकस या संशोधकांच्या २००३ च्या अभ्यासात अनेक ठिकाणी विभागलेल्या कामाला एकाच जागी होणाऱ्या तशाच कामापेक्षा सुमारे अडीचपट वेळ लागलेला दिसला. परदेशातलं कॉलेज जोडीला मिळत नसेल, तर निदान प्रत्यक्ष बोलण्यावर बंदी घाला आणि दोन्ही गटांच्या कामाच्या वेळा वेगळ्या ठेवा.

दुसरी चूक मला जास्त खटकते. गिट (कोडमधले बदल नोंदवून ठेवणारं साधन) आणि तिकीट-ट्रॅकर (कामांची आणि अडचणींची यादी) यांवर आठवडे जातात, पण प्रश्न कसा लिहायचा हे कोणीच शिकवत नाही. ‘लॉगिन चालत नाहीये, बघता का?’ असा मेसेज टाकून मुलगा घरी जातो. पलीकडून उत्तर येतं, ‘कुठल्या ब्रँचवर?’, म्हणजे कोडच्या कुठल्या शाखेवर. एक दिवस गेला. ‘एरर काय येतो?’ दुसरा गेला. मेसेजमध्ये काय केलं, काय व्हायला हवं होतं, काय झालं, कुठली कमिट (कोडची नेमकी कुठली नोंदवलेली आवृत्ती), लॉगच्या, म्हणजे प्रोग्रॅमने करून ठेवलेल्या नोंदींच्या, ओळी, आधी काय करून पाहिलं, हे सगळं पहिल्याच फटक्यात हवं. शिवाय ‘उत्तर येईपर्यंत मी अमुक गृहीत धरून पुढे जातो’ ही ओळ हवी. अनुभवी इंजिनीअरही ती विसरतात, आणि काम अडून राहतं ते बहुतेकदा तिच्याच अभावी.

कॉलवर सगळे ‘हो’ म्हणाले आणि नंतर भलतंच तयार झालं? तिथे मिनिट्स, म्हणजे बैठकीचा वृत्तांत, बोलणाऱ्याने लिहिलेली असतात. ती ऐकणाऱ्या गटाकडून लिहून घ्या. गैरसमज त्याच दिवशी उघडा पडतो.

‘उद्या संध्याकाळपर्यंत’ ही डेडलाइन नव्हे. तारीख आणि यूटीसी (जगभर एकच धरली जाणारी प्रमाणवेळ) वेळ लिहायला लावा. अमेरिकेत घड्याळं मार्चच्या दुसऱ्या रविवारी पुढे जातात, युरोपात शेवटच्या. मधले दोन-तीन आठवडे ठरलेली मीटिंग एका बाजूसाठी तासभर सरकते.

इंटिग्रेशन, म्हणजे दोन्ही बाजूंचे भाग एकत्र जोडणं, शेवटच्या आठवड्यावर ढकलू नका. १९९९ मध्ये नासाचं मंगळाकडे गेलेलं यान मार्स क्लायमेट ऑर्बिटर हातचं गेलं, कारण एका टीमचं सॉफ्टवेअर पाउंड-फोर्स सेकंदांत आकडे देत होतं आणि दुसरीकडे ते न्यूटन-सेकंद म्हणून वाचले जात होते. दोन्ही बाजूंचे पोकळ का होईना, पण एकमेकांशी बोलणारे भाग दुसऱ्याच आठवड्यात जोडून घ्या. एकक, तारखेचा फॉरमॅट, रिकाम्या फील्डचा अर्थ, सगळं इंटरफेसच्या, म्हणजे दोन भाग एकमेकांना माहिती कशी देतील ते ठरवणाऱ्या, कागदावर उतरू द्या.

आणि गुण फक्त चालणाऱ्या प्रोग्रॅमला देऊ नका. तसं केलंत की हुशार गट पलीकडच्यांना बाजूला सारून सगळं स्वतःच लिहून टाकतो, आणि त्याला पैकीच्या पैकी मिळतात.