कॉपी काढताना डिस्क कुरकुरते तेव्हा: कुठला एरर कुणाचा?

साताऱ्यात माझं कॉम्प्युटर दुरुस्तीचं छोटं दुकान आहे. मागच्या लग्नसराईत एक फोटोग्राफर १ टीबीची डिस्क रुमालात गुंडाळून घेऊन आला. आत दोन लग्नं आणि एक मुंज. विंडोज 'आधी फॉरमॅट करा' म्हणत होतं. त्याने फॉरमॅट केलं नाही, नशीब. पण घरी रात्रभर चेकडिस्क (विंडोजचं डिस्क दुरुस्त करणारं टूल) चालवून बसला होता. हे करूच नका. चेकडिस्क त्या आजारी डिस्कवरच खाडाखोड करतं, आणि आपल्याला तर तिच्यावर एक अक्षरही लिहायचं नाही.

आधी कान लावा. डिस्क ठराविक तालात टक-टक करत असेल तर वीज काढा आणि क्लीन रूम (धूळविरहित खोली) असलेल्या रिकव्हरी लॅबचा रस्ता धरा, पुढचं वाचायची गरज नाही. (डिस्क फ्रीजरमध्ये ठेवायचा उपाय अजून कुणी ना कुणी सांगतंच. आत बाष्प धरलं की उरलंसुरलंही जातं.)

आवाज नीट असेल तर उबंटू या लिनक्स सिस्टिमच्या पेन ड्राइव्हवरून मशीन सुरू करा आणि डिस्कचा स्मार्ट रिपोर्ट, म्हणजे डिस्क स्वतःच ठेवते ती तब्येतीची नोंद, बघा. मी दोनच ओळी आधी बघतो, १९७ आणि १९९ नंबरच्या. १९७ म्हणजे वाचता न आल्यामुळे ताटकळत पडलेले सेक्टर (डिस्कवरचे डेटाचे छोटे कप्पे). त्या ओळीत मोजलेला आकडा शून्य नसेल तर दुखणं डिस्कच्या पोटात आहे. १९९ म्हणजे डिस्क आणि मदरबोर्ड यांच्यातल्या वाटेवर बिघडलेला डेटा. १९७ शून्य आणि १९९ वाढत चाललेला, असं दिसलं तर आधी डिस्क मदरबोर्डला जोडणारी साटा केबल बदला. १९९ चा आकडा नंतर कमी होत नाही, फक्त वाढायचा थांबतो, तेवढं पुरे.

इथे हमखास गल्लत होते. विंडोज कॉपी करताना 'सायक्लिक रिडन्डन्सी चेक' असा एरर देतं, आणि १९९ च्या नावातही सीआरसीच (त्याच शब्दांचं लघुरूप) आहे. म्हणून लोक केबलमागे केबल बदलत बसतात. विंडोजचा तो एरर बहुतेक वेळा सेक्टरच वाचता येत नाही, एवढंच सांगत असतो. मीही सुरुवातीला दोन केबल फुकट घालवल्यात.

कॉपीसाठी मी डीडीरेस्क्यू हे खराब डिस्कमधून डेटा उचलणारं लिनक्सचं टूल वापरतो. साधं कॉपी-पेस्ट खराब सेक्टरपाशी अडून बसतं आणि तेवढ्यात डिस्क आणखी झिजते. डीडीरेस्क्यू खराब जागा ओलांडून आधी चांगला भाग उचलतं. पहिल्या फेरीत 'नो-स्क्रेप' पर्याय द्या, म्हणजे ते खराब जागा खरवडत बसत नाही. दुसऱ्या फेरीत तो काढा, 'डायरेक्ट' (सिस्टिमची कॅश वगळून थेट डिस्कवरून वाचणं) लावा आणि ३ रिट्राय द्या. नवी डिस्क मोठीच घ्या. काही सेक्टर जरी कमी पडले तरी शेवटी 'नो स्पेस लेफ्ट' येतं, आणि तोपर्यंत रात्र गेलेली असते.

आउटपुट आधीच आहे, 'फोर्स' वापरा, असा मेसेज येईल. डिस्कवर लिहिताना तो यायचाच. पण फोर्स देण्याआधी दोन्ही डिस्कचे सीरियल नंबर लेबलशी ताडून बघा. उलट झालं तर रिकाम्या डिस्कची कॉपी लग्नावर बसेल.

डीडीरेस्क्यूची मॅपफाइल जपा. कुठली जागा वाचून झाली, कुठली राहिली, याचा हिशेब तीत असतो: अधिक चिन्ह म्हणजे आलं, उणे म्हणजे गेलं. ती तिसऱ्याच डिस्कवर ठेवा. मी एकदा लाइव्ह उबंटूच्या होम फोल्डरमध्ये ठेवली, म्हणजे रॅममध्ये. दुपारी लाइट गेली आणि सहा तासांचा हिशेब पुसला. त्यानंतर यूपीएस घेतला.

फोटोग्राफरच्या डिस्कने मध्येच 'इनपुट फाइल डिसअपिअर्ड' म्हटलं. डिस्क क्षणभर गळून परत आली होती, पण लिनक्समधलं तिचं नाव एसडीबी होतं ते एसडीसी झालं. अशा वेळी मशीन बंद करा, डिस्क थंड होऊ द्या, सीरियल नंबरावरून नवं नाव शोधा आणि त्याच मॅपफाइलने पुढे चालू करा. मॅपफाइलला डिस्कच्या नावाशी देणंघेणं नसतं.

चौथ्या दिवशी साधारण ४० एमबी राहिलं, ते आलंच नाही. मग कॉपीवर, मूळ डिस्कवर नव्हे, डीडीरेस्क्यूचा फिल मोड चालवून उणे जागांमध्ये एक विचित्र शब्द भरला आणि तो शब्द सगळ्या फाइलींमध्ये शोधला. तो शब्द असलेले, म्हणजे बिघडलेले, ११ फोटो सापडले, सगळे जेवणाच्या पंगतीचे. फोटोग्राफर म्हणाला, "दादा, पंगतीचे फोटो कोण मोजतंय!"