पुढच्या चाकातून चुंई चुंई येतंय? आधी पाना खाली ठेवा

बाईकच्या पुढच्या चाकातून आवाज आला की आपल्याकडे निदान ठरलेलं, "ब्रेकचे पॅड गेले असतील". माझ्या 125 सीसीच्या गाडीचे असेच चांगले पॅड बदलून झाले, पैसे गेले, आणि गॅरेजमधून पहिल्या चौकात पोचेपर्यंत चुंई चुंई परत चालू. शेवटी निघालं काय, तर मीटरची गरारी (चाकाच्या मध्यात बसून स्पीडमीटरची केबल फिरवते ती) सुकलेली. म्हणून आवाज कशाचा हे नंतर बघू, आधी तो कधी येतो ते पकडा.

सकाळी रस्ता मोकळा असताना गाडी बंद करून नुसती ढकलत न्या, कान पुढच्या चाकाकडे. मग चालवून 20च्या स्पीडला न्यूट्रल करा. पुढचा ब्रेक दाबल्यावरच कुंई होत असेल तर पॅड-डिस्कचं प्रकरण (ड्रम असेल तर लायनरचं). ब्रेक न दाबता येतोय पण लिव्हर जरासं ओढलं की थांबतो, तर पॅड नुसते डिस्कला चाटतायत, कॅलिपरच्या (डिस्कवर पॅड दाबणाऱ्या भागाच्या) पिना सुकल्या असणार. ब्रेकशी काहीच देणंघेणं नाही आणि स्पीडबरोबर वाढत जातो, तर मीटरची गरारी, केबल किंवा बेअरिंग. आणि फक्त खड्ड्यात येत असेल तर चाकाचा नाद सोडा, मडगार्डचे बोल्ट आणि शॉकअप बघा.

अजून एक, 18 इंची चाकाचा टायरसकट घेर साधारण 1.9 मीटर, म्हंजे 20च्या स्पीडला चाक सेकंदाला तीनेक वेळा फिरतं. आवाज त्याच तालात तुटक तुटक येत असेल तर एका फेरीत एकदाच काहीतरी घासतंय, टायरवर खडूची खूण करून चाक हाताने फिरवलं की जागा सापडते, बऱ्याचदा डिस्क वाकडी निघते.

आता मेन स्टँडवर गाडी लावा, मागे कोणालातरी बसवा म्हंजे पुढचं चाक उचललं जाईल. चाक वर आणि खाली धरून आडवं हलवा, खुटखुट लागली तर बेअरिंग गेलं (कधीकधी खेळ हँडलच्या कोनसेटचा, म्हंजे हँडल ज्यावर फिरतं त्या बेअरिंगचा असतो, नीट बघा खेळ चाकात आहे की फोर्कमध्ये). मोठ्या स्क्रूड्रायव्हरचं टोक एक्सलच्या (चाकाच्या मधल्या दांड्याच्या) नटाला आणि मूठ कानाला लावून चाक हळू फिरवा. गेलेलं बेअरिंग शक्यतो खर्र किंवा घों करतं, चुंई कमी. ते बदलायचं काम गॅरेजलाच द्या, ठोकून बसवताना वाकडं बसलं तर नवीनही टिकत नाही.

पॅडचं काम घरी होतं. पॅडवरची खाच अजून दिसतेय का बघा, खाच गेली तर पॅड गेला, वाद नको. खाच आहे पण पृष्ठभाग काचेसारखा चमकतोय तर पॉलिश पेपरवर गोल गोल घासून चमक घालवा, धूळ तोंडाने फुंकू नका, ओल्या फडक्याने पुसा. डिस्क मात्र ब्रेक क्लीनरने पुसा. आवाज जावा म्हणून डिस्कवर तेलाचा स्प्रे मारणारे लोक मी बघितलेत, आवाज जातो खरा, पण ब्रेकही जातो. कॅलिपरच्या पिनांना सिलिकॉन ग्रीस लावा, साध्या ग्रीसने रबराचे बूट फुगतात. चाक काढलेलं असताना ब्रेक लिव्हर चुकूनही दाबू नका, कॅलिपरमधला पिस्टन बाहेर येतो, आणि सगळं बसवल्यावर लिव्हर कडक लागेपर्यंत पाच-सहा वेळा पंप केल्याशिवाय गाडी जागची हलवू नका. पावसाळ्यात रात्रभर भिजलेल्या गाडीचे पहिले दोन-चार ब्रेक ओरडतातच, डिस्कवरचा पातळ गंज असतो तो, आपोआप जातो.

आता मीटर, जिथे माझी फसगत झाली. (सेन्सरवालं डिजिटल मीटर असेल तर हे तुमच्यासाठी नाही.) केबल चाकाच्या बाजूने सोडा, चाकात जाणार नाही अशी बांधा आणि एक चक्कर मारा. आवाज गेला तर बहुतेक केबल, आतली तार ओढून काढा, पुसा, हलकं ग्रीस लावा, पण वरची वीतभर तार कोरडी ठेवा नाहीतर ग्रीस चढत मीटरमध्ये जातं. आवाज तसाच असेल तर गरारी. एक्सल काढून तिचं घर उघडलं तेव्हा माझ्यात ग्रीस म्हणून जे होतं ते काळं, वाळलेलं, नखाने खरवडून निघत होतं. रॉकेलच्या फडक्याने पुसलं, लिथियम ग्रीस भरलं, डिस्कला हात लागू न देता. बसवताना गरारीच्या दोन जिभा हबच्या (चाकाच्या मधल्या भागाच्या) खाचेत बरोबर बसल्यात ना ते बघून मगच एक्सल आवळा, नाहीतर त्या चेपतात. मग केबल जोडा आणि चाक हाताने जोरात फिरवा, मीटरचा काटा जरा तरी उचलला पाहिजे.