पंखाची मागची कड मिटत नाहीये?
एनएसीए ००१२ या प्रमाणित पंख-आकाराचा छेद सूत्रावरून काढलात आणि मागे फट राहिली, तर कॅडला, म्हणजे आराखड्याच्या सॉफ्टवेअरला, दोष देऊ नका. ती मूळ सूत्रातच आहे: १००० मिमी कॉर्डला (पुढच्या कडेपासून मागच्या कडेपर्यंतच्या लांबीला) सुमारे २.५ मिमी. चौथ्या घाताचा सहगुणक उणे ०.१०१५ ऐवजी उणे ०.१०३६ घेतला की कड मिटते. मी मात्र सहसा मिटवत नाही. सुरीसारख्या धारेवर लॉफ्ट (छेद जोडून पृष्ठभाग बनवणारी कॅडची आज्ञा) रुसतो, आणि तेवढा पातळ पत्रा आणणार कुठून? खरी काळजी पुढच्या कडेची. तिथे बिंदू दाट घ्या, कोसाइन अंतराने, म्हणजे कडेकडे जाताना अंतर कमी होत जाईल असे. मग कॅडमधला वक्रतेचा कंगवा लावा; वक्रता जास्त तिथे त्याचे दाते लांब दिसतात. दाते अचानक उडी मारत असतील, तर झेब्रा पट्ट्यांनाही (पृष्ठभागाचा गुळगुळीतपणा दाखवणाऱ्या काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांनाही) नेमका तिथेच कोपरा पडलेला दिसेल.