ठासणीची बंदूक पावसाळ्यात गंजते कशी? या चुका टाळा

मे महिन्याच्या अखेरीस तेल लावून, फडक्यात गुंडाळून माळ्यावर ठेवलेली बंदूक गणपतीनंतर खाली काढली की गजाला (नळीत घालायच्या लांब सळईला) लावलेली चिंधी लालभडक होऊन बाहेर येते. मग सगळा दोष पावसाला. रत्नागिरी-सिंधुदुर्गात शेती संरक्षणाच्या परवान्यावर ठासणीची, म्हणजे तोंडातून दारू भरायची, बंदूक असलेल्या बहुतेक घरांत ही तक्रार असते. पण गंज कुठे लागलाय ते नीट पाहा. नळीभर तो सारखा नसतो. सगळ्यात जास्त असतो तळाशी आणि निपलच्या (केप बसवायच्या पोकळ खुंटीच्या) आजूबाजूला, म्हणजे दारूची राख जिथे साठते तिथे. पाऊस नुसतं निमित्त, गंजाचं बी आपणच नळीत ठेवलेलं असतं.

काळ्या दारूत साधारण ७५ टक्के सोरा (पोटॅशियम नायट्रेट), १५ टक्के कोळसा आणि १० टक्के गंधक असतं. ती जळून पूर्ण वायू होत नाही. निम्म्याच्या आसपास वजन क्षारांच्या रूपात मागे राहतं. त्यातलं काही धुराबरोबर जातं, बाकीचं नळीला चिकटतं. त्यातलं पोटॅशियम कार्बोनेट तर हवेतली ओल अक्षरशः ओढून घेतं. भर उन्हाळ्यात ही राख कोरडी ठणठणीत वाटते. जूनमध्ये हवा दमट झाली की ती चिकट होते आणि तिच्याखाली लोखंड गंजायला लागतं. त्यात जुन्या पद्धतीच्या, क्लोरेटच्या केपा (घोडा आपटला की पेटणाऱ्या छोट्या टोप्या) वापरल्या असतील तर निपलपाशी पोटॅशियम क्लोराइड उरतं. त्याचं वागणं थेट मिठासारखं.

पहिली चूक: धुण्याआधी तेल

सगळ्यात मोठी चूक हीच. ‘लोखंडाला पाणी लावायचं नाही’ हे आपल्या डोक्यात इतकं पक्कं बसलंय की लोक नळीत रॉकेल ओततात, चार चिंध्या फिरवतात आणि वरून तेल. रॉकेल, पेट्रोल, मशीनचं तेल यांत क्षार विरघळत नाहीत. क्षार विरघळतात पाण्यातच. तेल आधी लावलंत तर ते क्षारांवर झाकण घातल्यासारखं होतं आणि गंज त्या झाकणाखाली निवांत वाढतो.

धुण्याच्याही आधी एक गोष्ट, हिला पर्याय नाही: बंदूक रिकामी आहे याची खात्री. नळीचं तोंड कुणाच्या दिशेने नाही ना आणि निपलवर केप नाही ना, ते पाहा. मग गज हलकेच आत सोडा, तोंडापाशी त्यावर बोट धरा, बाहेर काढा आणि नळीच्या बाहेरून लावून बघा. गज पार निपलपर्यंत पोचत नसेल तर आत बार, म्हणजे दारू-छऱ्यांचा भरणा, ठासलेला आहे असंच समजा. जुना, दमट झालेला बार उडवून टाकू नका, ठोकून काढायच्या भरीला पडू नका. परवानाधारक बंदूक दुरुस्तीवाल्याकडे न्या. रिकामीची खूण म्हणून गजावर तोंडापाशी एक रेघ मारून ठेवली की दर वेळी मोजत बसायला नको.

आता धुणं. नळी दस्त्यातून निघत असेल तर काढा, निपलही काढा. तळाचं टोक कोमट पाण्याच्या बादलीत बुडवून गजाला चिंधी लावून वर-खाली करा. निपलच्या भोकातून पाणी आत-बाहेर होतं आणि तळ खळखळून निघतो. पाण्यात भांड्यांच्या साबणाचे दोन थेंब पुरेत. कुजक्या अंड्यासारखा वास येईल, तो राखेतल्या गंधकाच्या क्षारांचा. वास थांबेपर्यंत आणि चिंधी पांढरी निघेपर्यंत पाणी बदलत राहा. नळी निघत नसेल तर निपलच्या भोकात मऊ लाकडाची खुंटी बसवा, नळी पाण्याने भरा, पाच-दहा मिनिटांनी ओता, पुन्हा भरा. पाणी दस्ता आणि नळी यांच्या मधल्या फटीत जाऊ देऊ नका.

उकळतं पाणी घ्यायची गरज नाही. त्याने नळी लवकर सुकते हे खरं, पण सुकतानाच आत नारिंगी पापुद्रा धरतो. कोमट पाणी, कोरड्या चिंध्या, मग उन्हात किंवा केसांच्या ड्रायरने नळी हाताला गरम लागेपर्यंत तापवणं, आणि ती गरम असतानाच तेल. हा क्रम मोडू नका.

तेल कुठलं?

खोबरेल नको. घरात असतं म्हणून लावलं जातं, पण वनस्पती तेलं खवट होतात, त्यात आम्ल तयार होतं, आणि चापाच्या यंत्रात ती चिकटून बसतात. शिलाई मशीनचं तेल घोड्याला, चापाला आणि कमानीला थेंबभर ठीक आहे. चार महिन्यांसाठी नळीत मात्र ते पातळ पडतं. डब्ल्यूडी-४० ओल हाकलायला उत्तम, पण त्याचा थर फार काळ टिकत नाही. त्यावर बंदुकीचं जाड गंजरोधक तेल किंवा ग्रीसचा पातळ हात हवाच. नळीचा दस्त्यात दडलेला खालचा भाग बहुतेक जण विसरतात. तिथे मेण चोळा, तेलासारखं ते लाकडात मुरत नाही. काम झाल्यावर उघड्या हाताने लोखंड धरू नका. घामातल्या मिठाने बोटांचे ठसे आठवड्याभरात उमटतात.

गुंडाळणं, हा दुसरा घोळ

रेक्झिनचं कव्हर, स्पंजची पेटी, गोणपाट, चामड्याची पिशवी, प्लास्टिक: सगळं ओल धरतं किंवा कोंडतं. चामडं कमावताना वापरलेली रसायनं तर लोखंडाला आणखी वाईट. बंदूक कुलुपबंद लाकडी कपाटात मोकळी ठेवा, भिंतीला न टेकवता, नळीचं तोंड खाली करून. तोंड वर असलं की तेल ओघळून तळाशी साठतं, निपलचं भोक बुजवतं आणि दस्त्याचं लाकूड मऊ करतं.

कपाटात तांदळाची पुरचुंडी ठेवायची पद्धत आहे. तांदळातच १२-१४ टक्के ओल असते, तो कोकणच्या पावसाळ्यात कुणाची ओल शोषणार? सिलिका जेल घ्या आणि रंग बदलला की गरम करून पुन्हा वापरा. पूर्वी लोक कपाटात झिरोचा बल्ब लावायचे, ते बरोबर होतं, कारण त्याची ऊब असायची. आताचा एलईडी झिरो फक्त उजेड देतो. बल्ब लावायचाच तर दारू आणि केपा त्या खोलीतही नकोत.

तेल लावल्यावर दोन-तीन दिवसांनी एक कोरडी चिंधी फिरवून पाहा. तपकिरी निघाली तर क्षार राहिलेत, पुन्हा धुणं आलं. नंतर दर तीन आठवड्यांनी, उघडीप बघून.

निवडणुकीचं वर्ष असेल तर आणखी एक पेच. आचारसंहितेत ज्यांना बंदूक जमा करायला सांगितलं जातं, ते बहुतेकदा आहे तशी देऊन येतात. २०२४ मध्ये लोकसभेचा निकाल ४ जूनला लागला, म्हणजे बंदूक घरी यायच्या सुमाराला पाऊस दारात. तेव्हा धुऊन, जाड तेल लावूनच जमा करा आणि परत आणली त्याच दिवशी उघडून पाहा.

गंज धरलाच असेल तर

चिंच, लिंबू, आगळ यांपासून लांब राहा. समई लखलखते म्हणून नळीही लखलखेल, पण गंजाबरोबर नळीचा काळसर मुलामाही जाईल, आणि खाचांत उरलेलं आम्ल पुन्हा गंज धरवेल. पॉलिश पेपर आणि भांडी घासायची तारेची घासणी तर अजिबात नको. वरवरचा लाल गंज असेल तर त्यावर तेल सोडा, रात्रभर राहू द्या, आणि चार शून्यांच्या (०००० नंबरच्या) बारीक स्टील वूलने, तेलातच, हलक्या हाताने घासा. आतून पितळेचा ब्रश.

नळी सुटी होत असेल आणि एकनळी असेल तर एक जुनी, खात्रीची युक्ती आहे. तेल पूर्ण काढा आणि नळी साध्या पाण्यात वीसेक मिनिटं उकळा. लाल गंजाचा काळा ऑक्साइड होतो, तो स्टील वूलने सहज निघतो आणि खालचा मुलामा बराचसा वाचतो. विहिरीचं पाणी मचूळ असेल तर पागोळ्यांचं घ्या. जोडनळीवर हे करू नका, दोन नळ्यांच्या मधल्या पट्टीत पाणी अडकतं.

गंज काढल्यावर खड्डे दिसले तर घासत बसू नका. खड्डा घासून जात नाही, नळी मात्र पातळ होते. तळाशी, निपलपाशी किंवा नळीच्या आत खड्डे असतील, निपलचे आटे झिजले असतील, नळी कुठे फुगल्यासारखी वाटत असेल, तर दुरुस्तीवाल्याने पाहिल्याशिवाय त्यात बार भरायचा नाही. नळीचा तळ बंद करणारी बूच घरी पान्याने उघडायची नाही.

भात पसवायच्या सुमाराला बंदूक बाहेर काढाल तेव्हा नळीतलं तेल कोरड्या चिंधीने पुसून घ्या. तेलात दारू कालवली गेली की डांबरासारखा थर बसतो आणि बार फुसका जातो. निपलमध्ये तेल राहिलंय का ते बघायला बार न भरता, सुरक्षित दिशेला, नुसती केप उडवा. नळीच्या तोंडापुढचं गवत हललं तर वाट मोकळी आहे. हललं नाही तर निपल काढून भोकात बारीक तार फिरवा. आणि परवाना शेती राखण्याचा आहे, शिकारीचा नाही. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ पासून लागू आहे, डुक्कर शेतात असलं तरी वनखात्याच्या परवानगीशिवाय त्याच्यावर बार टाकता येत नाही.