ट्रॉटमध्ये टाच वर येऊन रिकीब सुटते: माझा अनुभव

घोडेस्वारी शिकताना ट्रॉट (घोड्याची दुडकी चाल) सुरू झाला की माझी पोटरी मागे झुलायची, टाच वर उचलली जायची आणि रिकीब (खोगिराला लटकणारी, पाय ठेवायची कडी) सुटायची. तोल सावरायला हात लगाम ओढायचे, घोडा मान वर करून रेंगाळायचा, मग कितीही टाच मारली तरी दाद देईना.

खारघरच्या ग्रुप क्लासमध्ये ‘हील्स डाऊन’ (टाचा खाली) ऐकून कान किटले. रिकीब आखूड केली, गुडघे आवळले. आवळल्याने पाय आणखीच वर सरकतो.

सुटका झाली ती लंजवरच्या (शिकवणारा लांब दोरीने घोडा आपल्याभोवती वर्तुळात फिरवतो) एकट्याच्या धड्यांनी. घोडबंदर रोडकडे शिकवणारे एक सर मिळाले. ठरवण्याआधी दोनच गोष्टी विचारल्या: लगामाशिवाय बसवाल का, आणि घोडा एका लयीत चालतो का? बुजणारा घोडा असेल तर हा धडा घेऊच नका.

साधारण 20 मीटर व्यासाचं वर्तुळ, लंज सरांच्या हाती. लगामाला गाठ, रिकिबी खोगिरापुढे आडव्या. आधी साधी चाल: एक हात खोगिराच्या पुढच्या कडेला, मांडी खुब्यापासून सैल सोडायची; कान, खांदा, कंबर, टाच एका उभ्या रेषेत. मग अर्धं वर्तुळ ट्रॉट आणि अंग ताठायच्या आत पुन्हा चाल. हे दोन्ही दिशांनी, बैठक हलेनाशी होईपर्यंत. त्यानंतरच रिकिबी आणि रायजिंग ट्रॉट, म्हणजे ट्रॉटच्या लयीत खोगिरावरून उठत-बसत राहणं; घोड्याचा वर्तुळाबाहेरच्या बाजूचा खांदा पुढे जाताना उठायचं. मग इशारे: पोटरीचा हलका दाब, दाद नाही तर लगेच पायामागे छडीचा स्पर्श, दाब वाढवत न्यायचा नाही. लगाम हातात सगळ्यात शेवटी.

आता रिकीब सुटत नाही, आणि घोडा पोटरीच्या दाबालाच पुढे निघतो.