परभणीत बसून दर बुधवारचे नवे कॉमिक्स वाचताय? मग या चुका टाळा

लातूरला 'नीट'च्या क्लासला असलेला माझा मावसभाऊ दिवाळीत घरी आला आणि पिशवीतून स्पायडर-मॅनचे तीन अंक काढून माझ्या पुढ्यात ठेवले. म्हणाला, "दादा, एक नंबरपासून घेतलो मी, तरी काहीच कळंना." मी अंक हातात घेऊन पाहिले. 1 नंबर 2018 च्या मालिकेतला होता, 2 आणि 3 नंबर 2022 च्या. पहिला निक स्पेन्सरनं लिहिलेला, पुढचे दोन झेब वेल्सचे. मधले चार वर्षांचे अंक गायब. कळणार तरी काय?

मुखपृष्ठावरचा 1 बघून मागवणं

सगळ्यात जास्त पैसे याच चुकीत जातात. 'द अमेझिंग स्पायडर-मॅन'चा पहिला अंक आजवर सात वेळा निघालाय: 1963, 1999, 2014, 2015, 2018, 2022 आणि 2025. 'बॅटमॅन'चं तेच, 1940, 2011, 2016 आणि 2025. नवा लेखक आला की प्रकाशक बऱ्याचदा मोजणी पुन्हा एकपासून सुरू करतात, कारण पहिला अंक जास्त खपतो. पात्र मात्र तेच असतं आणि आधी घडलेलंही बहुतेक सगळं धरलेलं असतं.

म्हणून मागवताना नाव आणि नंबर एवढ्यावर थांबू नका. मालिका सुरू झाल्याचं साल आणि लेखकाचं नाव, दोन्ही जुळवून बघा. स्पायडर-मॅन काढणाऱ्या मार्व्हल या प्रकाशकाच्या बऱ्याच अंकांवर मोठ्या आकड्याजवळ बारीक अक्षरांत मूळ मोजणीचा आकडाही छापलेला असतो. 2022 च्या मालिकेतला 6वा अंक मूळ मोजणीत 900वा होता. दोन अंक सलग आहेत का, हे त्या बारीक आकड्यावरून लगेच कळतं.

तारखेचा घोळ

अंकावर छापलेला महिना आणि अंक विक्रीला येण्याचा दिवस या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. छापलेला महिना साधारण दोन महिने पुढचा असतो. ही रीत फार जुनी आहे. सुपरमॅन पहिल्यांदा ज्यात आला, त्या 'ॲक्शन कॉमिक्स'च्या पहिल्या अंकावर जून 1938 छापलंय, पण तो एप्रिलमध्येच स्टॉलवर आला होता. तेव्हा "जूनचा अंक अजून आला कसा नाही" म्हणून जूनमध्ये शोधत बसू नका, तो येऊन गेलेला असतो.

नवे अंक अमेरिकेत बुधवारी येतात. 2020 मध्ये बॅटमॅन-सुपरमॅन काढणाऱ्या डीसी या प्रकाशकानं आपला दिवस मंगळवार केला होता, जुलै 2024 पासून तेही परत बुधवारवर आले. मधल्या काळातले लेख आणि व्हिडिओ अजून मंगळवारच सांगतात. शिवाय तिकडं बुधवारी सकाळी दहाला दुकान उघडतं, तेव्हा न्यूयॉर्कच्या वेळेनं आपल्याकडं संध्याकाळचे साडेसात किंवा साडेआठ वाजलेले असतात. आपल्या बुधवारी सकाळी अंक दिसला नाही म्हणून घाबरायचं कारण नाही.

ॲपवर वाचणाऱ्यांची अडचण निराळी. मार्व्हल अनलिमिटेड या मार्व्हलच्या वर्गणीच्या ॲपवर 'या आठवड्यात नवीन' म्हणून जे दिसतं, ते छापून साधारण 3 महिने झालेलं असतं. मला स्वतःला हे तीन महिने अजिबात जड जात नाहीत. ठरलेल्या वर्गणीत भरपूर वाचायला मिळतं, फक्त शेवट कोणी आधी सांगू नये म्हणून समाजमाध्यमांवर त्या पात्राचं नाव म्यूट करून ठेवतो. ताजा अंक त्याच आठवड्यात हवा असेल तर तो डिजिटल विकत घ्यावा लागतो. डिजिटल कॉमिक्स विकणाऱ्या कॉमिक्सॉलॉजीचं वेगळं ॲप डाउनलोड करा असं कोणी सांगितलं तर तो सल्ला जुना समजा, डिसेंबर 2023 मध्ये ते किंडलच्या ॲपमध्ये गेलं. मोबाइलवर वाचताना एकेक चौकट मोठी करून दाखवणारी सोय सुरू करा, नाहीतर अक्षरं वाचताना डोळे दुखतात.

सगळंच वाचायचा हट्ट

पहिल्या वर्षी मी हा हट्ट केला. एका अंकाची किंमत बहुतेक 3.99 किंवा 4.99 डॉलर. आठवड्याला वीस अंक धरले तरी ऐंशी डॉलर, म्हणजे सहा-सात हजार रुपये, आणि टपालखर्च वेगळा. एवढे पैसे कोणाकडं आहेत? आणि असले तरी वाचून होत नाही. गठ्ठा साचतो आणि ज्या गोष्टीचा आनंद घ्यायचा, तिचाच ताण यायला लागतो.

तीन, फार तर चार मालिका निवडा. पात्रापेक्षा लेखक-चित्रकाराची जोडी बघून निवडा, हे मी ठासून सांगतो. नव्यानं सुरुवात करणाऱ्याला मी स्कॉट स्नायडर आणि निक ड्रॅगोटा यांचा 'ॲब्सोल्यूट बॅटमॅन' देतो. ऑक्टोबर 2024 मध्ये सुरू झाला, जग वेगळं, ब्रूस वेन श्रीमंत नाही, त्यामुळं आधीचं काही ठाऊक असायची गरज पडत नाही.

अनेक पात्रांना गुंतवणाऱ्या मोठ्या घटनेची मालिका आली की तिच्या फांद्या दहा मालिकांत पसरतात. 2024 ची डीसीची 'ॲब्सोल्यूट पॉवर' घ्या. मुख्य अंक चारच होते. ते चार वाचा, आणि फांद्यांपैकी आपली मालिका असेल तेवढीच धरा. एकाच अंकाची चार मुखपृष्ठं दिसली तर आतली गोष्ट एकच असते, हेही लक्षात ठेवा. एका विक्रेत्याच्या यादीत हे स्पष्ट लिहिलेलं नव्हतं, आणि माझ्याकडं एकच अंक दोनदा आला.

ज्यांना बुधवारची घाई नाही, त्यांनी पाच-सहा अंक एकत्र बांधलेलं पुस्तक घ्यावं. डीसीनं 2024 पासून लहान आकाराची 9.99 डॉलरची पुस्तकं काढलीत, ती विद्यार्थ्यांच्या खिशाला परवडतात. फुकटच्या चोरीच्या प्रतींच्या वाटेला जाऊ नका. आपल्याला आवडणारी मालिका खपली नाही तर बंदच पडते.

वही न ठेवणं

माझ्याकडं शंभरपानी वही आहे. एका पानावर एक मालिका. वर साल आणि लेखक, खाली रकाने: अंक, येण्याची तारीख, मागवला, आला, वाचला. प्रकाशक साधारण तीन महिने आधी येणाऱ्या अंकांची यादी देतात, ती आली की तारखा पेन्सिलनं लिहितो. पेनानं नाही, कारण तारखा सरकतात. डीसीच्या 'डूम्सडे क्लॉक' या मालिकेचे 12 अंक पूर्ण व्हायला नोव्हेंबर 2017 ते डिसेंबर 2019 एवढा काळ लागला होता. अंक आला नाही की आधी प्रकाशकाच्या साइटवर नवी तारीख बघा, मग विक्रेत्याला फोन करा. आणि छापील अंक हवाच असेल तर येण्याच्या काही आठवडे आधी नाव नोंदवा. दुकानांची अंतिम मागणी तेव्हाच बंद होते, नंतर उरलेलं मिळतं.

पार्सल आल्यावर

अंक पातळ, दोन पिनांवर शिवलेला. नुसत्या प्लास्टिकच्या पाकिटात आला की मधोमध दुमडतो आणि पिनेपाशी कागद फाटतो. मागवतानाच दोन्ही बाजूंनी पुठ्ठा लावायला सांगा, आणि पार्सल फोडताना मोबाइलवर शूटिंग करा, बदलून घेताना उपयोगी पडतं.

आपल्याकडं मे महिन्यात पारा 42 च्या पुढं जातो. पत्र्याखालच्या माळ्यावर, लोखंडी पेटीत ठेवलेले माझे अंक एका उन्हाळ्यात पापडासारखे वाकले. पावसाळ्यात कसर लागली ती वेगळीच. आता ते आतल्या खोलीतल्या कपाटात, भिंतीपासून चार बोटं लांब, एकेक पिशवीत पुठ्ठ्यासह उभे ठेवलेत. दसऱ्याच्या साफसफाईत सगळे बाहेर काढून सावलीत तासभर हवा देतो. उन्हात मात्र नाही, रंग उडतो.