ऑपरेशनआधी स्वयंपाकघर लावून घ्या: स्लीव्ह, बायपास आणि रोजची 60 ग्रॅम प्रथिनं

वजन कमी करण्याच्या ऑपरेशनची तारीख ठरली की घरात बोलणं होतं ते रजेचं आणि विम्याचं. स्वयंपाकघराचा विषय निघत नाही, कारण आजारी माणसाला काय द्यायचं हे आपल्याला ठाऊक आहे असं प्रत्येक घराला वाटतं: भाताची पेज, वरणाचं पाणी, साबुदाण्याची खीर, नारळपाणी. इथे नेमकं हेच जेवण कुचकामी ठरतं. 30 ग्रॅम तांदळाच्या पेजेत प्रथिनं जेमतेम 2 ग्रॅम, साबुदाण्यात नावापुरती, नारळपाण्यात जवळपास शून्य. गरज मात्र दिवसाला किमान 60 ग्रॅमची, आणि ती भरायची कशात, तर स्लीव्हनंतर (पोटाचा मोठा भाग कापून नळीसारखा अरुंद भाग ठेवतात) साधारण 100 ते 150 मिलीच्या पोटात, बायपासनंतर (पोटाची छोटी पिशवी करून ती थेट पुढच्या आतड्याला जोडतात) सुरुवातीला जेमतेम 30 मिलीच्या पिशवीत. म्हणून तयारी महिनाभर आधी सुरू करा. टाके ओले असताना वाणसामानाची यादी करत बसणं कुणाला जमत नाही.

सगळ्यात आधी आहारतज्ज्ञांकडून स्वतःचा आकडा लिहून घ्या. सर्वसाधारण हिशेब दिवसाला 60 ते 80 ग्रॅम, किंवा आदर्श वजनाच्या दर किलोमागे 1 ते 1.5 ग्रॅम असा असतो. आदर्श वजन म्हणजे उंचीप्रमाणे असायला हवं ते, आज काट्यावर दिसतं ते नव्हे. आज वजन 110 किलो असलं आणि आदर्श वजन 58 धरलं, तर हिशेब 58 ते 87 ग्रॅमचा होतो. मिनी बायपास या बायपासच्याच प्रकारात आतड्याचा बराच लांब भाग वगळला जातो आणि शोषण कमी होतं, त्यामुळे तिथे आकडा वर सरकू शकतो. मूत्रपिंडाचा जुना त्रास असेल किंवा क्रिएटिनिन वाढलेलं असेल तर हा हिशेब स्वतः करूच नका, डॉक्टर ठरवतील.

मग मापं. एक ग्रॅमपर्यंत दाखवणारा डिजिटल काटा आणि मिलीच्या खुणा असलेला कप, एवढं पुरे. घरातली आमटीची वाटी एकदा पाण्याने भरून मोजून ठेवा. कुणाकडे ती 100 मिलीची निघते, कुणाकडे 200 ची. ‘दोन वाट्या वरण खाल्लं’ या वाक्यातून प्रथिनांचा पत्ता लागत नाही तो यामुळेच. शिवाय वरण किती घट्ट हाही प्रश्न आहेच. दोन चहाचे चमचे, दोन छोट्या वाट्या आणि झाकणाचा शेकर हेही आत्ताच बाजूला काढून ठेवा.

प्रथिनांच्या पावडरीच्या बाबतीत घाईने पैसे घालवणारे खूप. ऑपरेशननंतर चव बदलते, आदल्या महिन्यात आवडलेलं चॉकलेट नंतर नकोसं वाटतं. म्हणून दोन किलोचा डबा न घेता तीन-चार चवींची एकेका वेळेची पाकिटं घ्या आणि त्यांत एक बिनचवीची असू द्या. तीच सर्वांत जास्त उपयोगी पडते, कारण ती वरणात, सुपात, ताकात कुठेही मिसळते. व्हे म्हणजे दुधाच्या निवळीतलं प्रथिन. त्याच्या जास्त शुद्ध केलेल्या आयसोलेटमध्ये दुधातली साखर नगण्य असते, कमी शुद्ध कॉन्सन्ट्रेटमध्ये थोडी जास्त. बायपासनंतर काहींना दूध पचेनासं होतं, त्यांनी आयसोलेटच घ्यावं. दूध मुळीच चालत नसेल तर सोया किंवा वाटाण्याची पावडर घ्या. पाठीमागचा तक्ता वाचताना आधी पाहा की आकडा किती पावडरीमागे दिलाय. 30 ग्रॅमच्या स्कूपमागे 24 ग्रॅमच्या आसपास प्रथिनं असतील तर ठीक; डब्यावर मोठ्या अक्षरात 24 लिहिलेलं असून बारीक अक्षरात ‘दोन स्कूपमागे’ असेल तर तो ठेवून द्या. घटकांमध्ये ग्लायसीन, टॉरिन वगैरे सुटी, स्वस्त अमिनो आम्लं वरच्या ओळींत दिसले तरी सावध व्हा. त्यांच्यातल्या नायट्रोजनमुळे तपासणीत प्रथिनांचा आकडा फुगतो. दुधात घालायच्या माल्टच्या पावडरी या कामाच्या नाहीतच, त्यांत प्रथिनांपेक्षा साखर कितीतरी जास्त असते, आणि बायपासनंतर साखर भरकन आतड्यात उतरली की घाम, धडधड, पोटात मुरडा, जुलाब असा सगळा प्रकार होतो.

कोलॅजनची पावडर आणि घरोघरी श्रद्धेने उकळलं जाणारं पायाचं सूप यांबद्दल एकदाच सांगून टाकू. दोन्हींतलं प्रथिन अपुरं आहे, कारण त्यात ट्रिप्टोफॅन हे अत्यावश्यक अमिनो आम्ल नसतं. आवडतं म्हणून प्या, 60 ग्रॅमच्या हिशेबात धरू नका. चिकनचं नुसतं गाळलेलं पाणी त्याच माळेतलं. प्रथिन चिकनच्या चोथ्यात राहतं, पाण्यात नाही.

ऑपरेशनआधीचे दोन आठवडे बहुतेक ठिकाणी यकृताचा आकार कमी करणारा आहार देतात: कमी पिष्ट, कमी उष्मांक, भरपूर प्रथिनं. शल्यविशारदाला पोटापर्यंत पोचायला यकृत बाजूला करावं लागतं, ते मऊ आणि लहान असलं की काम सोपं होतं. मधुमेहाची औषधं किंवा इन्सुलिन चालू असेल तर हा आहार सुरू होण्याआधी डोस बदलून घ्या, नाहीतर साखर खाली जाईल. याच दिवसांत दोन सवयी लावून घ्या. एक, जेवताना शेजारी पाण्याचं भांडं न ठेवण्याची. जेवणाआधी आणि नंतर अर्धा तास पाणी नाही, हा नियम पुढे कायमचा आहे. दुसरी, घास चहाच्या चमच्याएवढा घेऊन त्याचा लगदा होईपर्यंत चावण्याची. जेवणाला 20 मिनिटं लागली पाहिजेत. हे वाचायला क्षुल्लक वाटतं, पण चाळीस वर्षांची भराभर जेवायची सवय पंधरवड्यातच मोडावी लागते.

आदल्या आठवड्यात फ्रीजर भरा. 100 ग्रॅम सालं काढलेली मूगडाळ घ्या, त्यात 24 ग्रॅम प्रथिनं असतात. मऊ शिजवा, तिखट नको, हिंग आणि जिरं चालेल. मिक्सरमधून काढून एकूण 400 मिली करा आणि बर्फाच्या ट्रेमध्ये ओता. 20 मिलीच्या एका वडीत साधारण सव्वा ग्रॅम प्रथिनं आली. चिकन खात असाल तर शिजवलेलं 100 ग्रॅम बिनहाडाचं चिकन त्याच्याच पाण्यात वाटून 200 मिली करा. तीन वड्यांत 7-8 ग्रॅम मिळतील. फरक डोळ्यांसमोर आहे, म्हणूनच शाकाहारी माणसाला बिनचवीची पावडर टाळता येत नाही. गोठलेल्या वड्या पिशव्यांत भरा आणि पिशव्यांवर तारीख घाला. चक्काही घरीच होतो: टोन्ड दुधाचं दही फडक्यात बांधून रात्रभर फ्रीजमध्ये निथळत ठेवलं की 100 ग्रॅमला 7-8 ग्रॅम प्रथिनं मिळतात, साध्या दह्याच्या दुपटीहून जास्त. साखर घालून श्रीखंड मात्र करू नका.

हॉस्पिटलच्या पिशवीत खाण्याचं काही नेऊ नका. 30 मिलीचा मापाचा कप आणि वेळ लिहायला वही, बस. पहिले दिवस पाण्याचे आहेत: दर 15 मिनिटांनी 30 मिली, घोट-घोट, दिवसाला दीड लिटरपर्यंत हळूहळू चढत. त्या दिवसांत 60 ग्रॅम होत नाहीत म्हणून कुणी घाबरू नये. पाणी कमी पडलं तर लवकर परत ॲडमिट व्हावं लागतं, प्रथिनं मागाहून भरता येतात.

घरी आल्यावर पातळ पदार्थांचे साधारण दोन आठवडे असतात, नेमका काळ तुमचं हॉस्पिटल सांगेल. त्या दिवसांचा हिशेब असा बसतो: अर्धा स्कूप आयसोलेट 150 मिली पाण्यात, दिवसातून चार वेळा, म्हणजे सुमारे 50 ग्रॅम. 200 मिली सायविरहित दूध दोन वेळात, 6 ग्रॅम. गाळलेलं मूगवरण 150 मिली, 3-4 ग्रॅम. झाले साठ. एका वेळी अख्खा स्कूप घ्यायचा मोह आवरा, मळमळ होते. शेकर हलवला की फेस येतो आणि फेस म्हणजे हवा. दहा मिनिटं तसाच ठेवून फेस बसल्यावर प्या, नाहीतर छातीखाली कळ येते. पावडर उकळत्या वरणात टाकली की गुठळ्या होतात. प्रथिन त्यामुळे वाया जात नाही, पण घशाखालीही उतरत नाही. आधी दोन चमचे गार पाण्यात कालवून घ्या, वरण पिण्याइतकं कोमट झालं की मिसळा.

पुढचे दोन आठवडे वाटलेल्या अन्नाचे. आता ट्रेमधल्या वड्या बाहेर निघतात: तीन वड्या मूगडाळ अधिक अर्धा स्कूप, म्हणजे 60 मिलीत 15-16 ग्रॅम. त्यानंतर मऊ जेवण, आणि इथे आपलं घरचं खाणं खऱ्या अर्थाने उपयोगी पडतं. 30 ग्रॅम बेसनाचं सैलसर पिठलं, 6 ग्रॅम. एका अंड्याची मऊ भुर्जी, 6 ग्रॅम. कुस्करलेलं पनीर 40 ग्रॅम, 7 ग्रॅम. वाफवलेलं पापलेट किंवा रावस 50 ग्रॅम, 10 ग्रॅम. मांदेलीसारखे काट्यांचे मासे नकोत. सोयाच्या वड्या 15 ग्रॅम भिजवून, पिळून, मिक्सरला फिरवून घेतल्या तर 7-8 ग्रॅम देतात, पण अख्खी वडी स्पंजासारखी फुगते आणि अडकते. हरभरा, राजमा, छोले गॅस धरतात, ते उशिरा आणि मोड आणून.

अडकणाऱ्या गोष्टी ठरलेल्या आहेत: दुसऱ्यांदा गरम केलेलं कोरडं चिकन, गोळा होणारी पोळी, पाव, चिकट भात. म्हणून ताटात क्रम ठरवा. आधी प्रथिन, मग भाजी, जागा उरली तर दोन घास भाकरी. घरच्यांना हे आधीच सांगून ठेवा, कारण ‘नुसतं पिठलं काय खातेस, सोबत पोळी घे’ हा आग्रह प्रेमाचाच असतो आणि पोट पोळीनेच भरून जातं.

कॅलेंडरवर उपवासांच्या खुणा करा. पहिलं वर्षभर कडक उपवास नको असं बहुतेक डॉक्टर सांगतात. ज्यांना एकादशी सोडवत नाही त्यांनी साबुदाणा आणि वऱ्याऐवजी दूध, चक्का, पनीर आणि थोडा राजगिरा यांवर दिवस काढावा. शेंगदाण्याच्या कुटात प्रथिनं असली तरी जवळपास निम्मं तेल असतं.

गोळ्यांच्या डबीत लोह आणि कॅल्शियम वेगळ्या कप्प्यांत ठेवा, दोन्हींत किमान दोन तासांचं अंतर हवं. तिसऱ्या, सहाव्या आणि बाराव्या महिन्यातल्या रक्ततपासणीच्या तारखा फोनमध्ये घालून ठेवा, त्यानंतर दरवर्षी एक. तिसऱ्या महिन्याच्या आसपास केस गळू लागतात. वेगाने वजन उतरलं की थोडे गळतातच, पण सहा-आठ महिन्यांनीही थांबले नाहीत तर प्रथिनांसोबत लोह आणि झिंकही तपासून घ्या. पायावर दाबल्यावर खळगा राहणारी सूज, जिना चढताना मांड्या लटपटणं, भरत नसलेली जखम, किंवा दोन-तीन दिवस न थांबणारी उलटी, यांपैकी काहीही झालं तर ठरलेल्या तारखेची वाट न पाहता त्याच दिवशी फोन करा. न थांबणाऱ्या उलटीत प्रथिनांच्या आधी थायमिन (ब1 जीवनसत्त्व) संपतं, आणि त्याचा फटका थेट मेंदूला बसतो.